शब्दचर्चा : ‘चॅप्टर हेडर’ला काय म्हणायचं? शीर्षक, मथळा की पानमाथा?

कानामात्रा : वर्डमध्ये पुस्तक लावताना ‘चॅप्टर हेडर’ला मराठीत नेमका कोणता शब्द वापरावा? एक जण ‘शीर्षक’ म्हणतो, दुसरा ‘शीर्षलेख’, तिसरा सरळ ‘हेडिंग’. लेखक ‘हेडर थोडा मोठा करा’ असं लिहून पाठवतो तेव्हा नक्की काय मोठं करायचं?

पानजोड : घोळ इंग्रजीतच आहे, मराठीने तो आहे तसा उचलला. पानावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली, प्रकरण सुरू होतं तिथे मजकुरात एकदाच येणारं नाव, म्हणजे हेडिंग. दुसरी, वरच्या समासात पानोपानी येणारी बारीक ओळ, म्हणजे हेडर. छापखान्यात या दुसरीला ‘रनिंग हेड’ म्हणतात. ‘चॅप्टर हेडर’ म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा पहिली हवी असते आणि करणारा दुसरीला हात घालतो. माझं मत : पहिलीला ‘प्रकरणशीर्षक’, दुसरीला ‘धावतं शीर्षक’ किंवा ‘पानमाथा’.

उकार : ‘मथळा’ का नको? माथा, मथळा, अस्सल घरचा शब्द आहे.

पानजोड : मथळा म्हटलं की डोळ्यांसमोर वर्तमानपत्र येतं. बातमीला मथळा, कथेला नि प्रकरणाला शीर्षक. ‘तिसऱ्या प्रकरणाचा मथळा’ असं कुणी बोलत नाही.

कानामात्रा : आणि ‘शीर्षलेख’?

उकार : तो ऐकला की ‘अग्रलेख’ आठवतो, जणू पानाच्या डोक्यावर अख्खा लेखच छापलाय.

बोरूबहाद्दर : तसं नाही. शिलालेख, भित्तिलेख यांत ‘लेख’ म्हणजे नुसतं ‘लिहिलेलं’. व्युत्पत्तीच्या अंगाने ‘शीर्षलेख’ निर्दोष आहे, पण तोंडात बसत नाही हे मान्य. खरी चूक खालच्या टोकाला होते. हेडर ‘शीर्षलेख’ झाला म्हणून फूटरला ‘तळटीप’ म्हणणारे भेटतात. तळटीप म्हणजे फुटनोट. पानाचा आकडा ही काही टीप नव्हे. जोडीच लावायची तर पानमाथा आणि पानतळ.

कानामात्रा : शब्द पटले. आता काम सांगा. मजकूर १३ पॉइंट, पान डेमी आकाराचं, प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर, माथ्यावर डावीकडे पुस्तकाचं नाव आणि उजवीकडे प्रकरणाचं.

पानजोड : आधी शीर्षक. नाव निवडून हाताने ठळक आणि मोठं करू नका, ‘हेडिंग १’ ही शैली (स्टाइल) लावा. कंट्रोल, आल्ट आणि १ एकदम दाबले की लागते. मग शैलीवर उजवी क्लिक करून ‘मॉडिफाय’. इथे देवनागरीवाले हमखास फसतात : फॉन्टच्या खिडकीत लॅटिन लिपीचा फॉन्ट वेगळा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचा, वेगळा असतो, आकारही दोन असतात. लॅटिनच्या खणात २२ केलं आणि दुसरा खण तसाच राहिला, तर मराठी अक्षर तसूभरही हलत नाही. लिब्रेऑफिसमध्येही हे खण वेगळेच आहेत.

मग परिच्छेदाची मांडणी. शीर्षकावरची मोकळी जागा एंटर आठ वेळा दाबून करायची नाही. ‘स्पेसिंग बिफोर’मध्ये ७२ ते ९६ पॉइंट द्या, खाली २४. ओळींमधलं अंतर ‘एक्झॅक्टली’ कधीच ठेवू नका. २२ पॉइंटच्या अक्षराला १८ चं नेमकं अंतर दिलं की वेलांटी, रफार आणि अनुस्वार वरून छाटले जातात. ‘कीर्ती’चा रफार गेला की ‘कीती’ उरतं.

बोरूबहाद्दर : त्यात भर. शीर्षक ‘भारदस्त’ दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची खोड इंग्रजीची. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ‘ऑल कॅप्स’ची खूण करून तर काहीच होत नाही, देवनागरीत मोठी लिपी नाहीच.

पानजोड : बरोबर. आता पानमाथा. प्रकरणाच्या आधी ‘लेआउट’, ‘ब्रेक्स’, ‘ऑड पेज’ असा विभागखंड (सेक्शन ब्रेक) टाका. आधीचं प्रकरण उजव्या पानावर संपलं तर मध्ये एक कोरं पान पडतं. पडद्यावर ते दिसत नाही, आकडा २१ वरून २३ वर उडी मारतो, पण छपाईत आणि पीडीएफमध्ये येतं. पान हरवलं म्हणून घाबरू नका.

मग माथ्यावर दोनदा क्लिक करून दोन खुणा करा. ‘डिफरंट ऑड अँड इव्हन पेजेस’ ही संपूर्ण फाइलला लागते. ‘डिफरंट फर्स्ट पेज’ ही त्या-त्या विभागापुरती, म्हणून प्रत्येक विभागात ती आहे ना हे बघा. प्रकरणाच्या पहिल्या पानावर माथा कोरा ठेवायची रीत आहे, तिच्यासाठी ही.

कानामात्रा : ती केली आणि पहिल्या पानाचा खालचा आकडाही गेला.

पानजोड : जाणारच. ती खूण माथ्यापुरती नाही, पानतळही वेगळा होतो. पहिल्या पानाच्या पानतळात आकडा पुन्हा घालायचा. सम-विषम वेगळं केल्यावर सम पानांचंही तेच.

उजव्या पानाच्या माथ्यावर प्रकरणाचं नाव टंकू नका. टंकलंत तर दर विभागात ‘लिंक टू प्रीव्हियस’, म्हणजे आधीच्या विभागाच्या माथ्याशी असलेली जोडणी, तोडावं लागेल, आणि बारा प्रकरणांत एखादं विसरलात की सातव्यावर सहाव्याचं नाव. त्याऐवजी ‘इन्सर्ट’, ‘क्विक पार्ट्स’, ‘फील्ड’ इथून ‘स्टाइलरेफ’ हे आपोआप भरलं जाणारं फील्ड घ्या आणि ‘हेडिंग १’ निवडा. हे फील्ड आधी चालू पानावर ती शैली शोधतं. सापडली नाही तर मागे जाऊन सगळ्यात जवळची उचलतं. सगळे विभाग जोडलेले ठेवा, एकाच फील्डवर पुस्तक निघतं. शैली मुळात लावलीच नसेल तर माथ्यावर शीर्षकाऐवजी ‘एरर’ने सुरू होणारी ओळ छापली जाते.

कानामात्रा : ‘प्रकरण ३’ एका ओळीत आणि नाव खालच्या ओळीत हवं. मध्ये एंटर मारून दोन्हींना ‘हेडिंग १’ दिलं. चालेल?

पानजोड : नाही. ते दोन परिच्छेद झाले. अनुक्रमणिकेत दोन नोंदी येतील. माथा तर मजेदार होईल : त्या पानावर पहिलं सापडतं ते ‘प्रकरण ३’, पुढच्या पानांवर मागे जाताना पहिलं भेटतं ते नाव. ‘प्रकरण ३’ हा क्रमांकाचा भाग करा. ‘मल्टिलेव्हल लिस्ट’मध्ये नवी यादी घ्या, पहिली पातळी ‘हेडिंग १’ला जोडा आणि क्रमांकाच्या चौकटीत राखाडी आकड्याच्या आधी ‘प्रकरण’ टंका. तो राखाडी आकडा खोडून हाताने ३ लिहिलात की क्रमांक वाढायचे थांबले.

उकार : नाव लांबलचक असेल तर?

पानजोड : माथ्यावर दोन ओळी होतात आणि माथा समासात मावला नाही तर वर्ड मजकूर खाली ढकलतं, तेवढ्याच पानांवर एक ओळ कमी बसते. उपाय असा : ‘लघुशीर्षक’ नावाची अक्षरशैली (कॅरॅक्टर स्टाइल) बनवा, दिसायला काहीही बदल न करणारी. ‘मराठी मुद्रणाची सुरुवात : श्रीरामपूर ते मुंबई’ यातल्या पहिल्या तीन शब्दांनाच ती लावा आणि स्टाइलरेफला ‘हेडिंग १’ऐवजी हीच शैली सांगा. माथ्यावर तेवढेच शब्द येतात. मात्र मग ती प्रत्येक शीर्षकात लावायला हवी, नाहीतर आधीच्या प्रकरणाचं नाव पुढे सरकत राहतं.

बोरूबहाद्दर : शब्दांकडे परत येतो, कारण ‘समास’ इथे दोनदा येऊन गेला. पानाचा समास म्हणजे कडेची कोरी जागा, व्याकरणातला वेगळा, आणि दासबोधातला तिसराच. तिथे २० दशक, प्रत्येकी १० समास. वर्डच्या भाषेत दशक म्हणजे ‘हेडिंग १’, समास म्हणजे ‘हेडिंग २’. डाव्या माथ्यावर दशकाचं फील्ड, उजव्यावर समासाचं. ‘समास समासात छापा’ असं वाक्य इथे खरंच लिहावं लागतं.

उकार : पण एक समास पानाच्या मध्यावर संपून दुसरा तिथेच सुरू झाला तर माथ्यावर कोणता?

बोरूबहाद्दर : फील्ड त्या पानावर सुरू होणारा पहिला दाखवतं. ‘सर्च फ्रॉम बॉटम ऑफ पेज टू टॉप’ ही खूण केली तर शेवटचा. वरच्या अर्ध्या पानावर जो चालू आहे तो दाखवायची सोय यात नाही. आणखी एक : जुन्या ग्रंथांत नाव शेवटी येतं, ‘इति श्री…’ करून. ती पुष्पिका, शीर्षक नव्हे. जुनी प्रत टंकणारे कधीकधी तिलाच ठळक दिसते म्हणून ‘हेडिंग २’ देतात, मग माथ्यावर संपलेल्या समासाचं नाव पुढे चालत राहतं. पुष्पिकेला स्वतंत्र शैली द्या.

कानामात्रा : फाइल जुनी, युनिकोडपूर्व फॉन्टमधली आहे. शीर्षकं पानावर नीट दिसतात, पण डावीकडच्या नॅव्हिगेशन पट्टीत इंग्रजी अक्षरांचा कचरा.

पानजोड : ती फाइल आतून इंग्रजी अक्षरांचीच आहे, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी मुखवटा चढवतो. पट्टी स्वतःचा फॉन्ट वापरते, म्हणून मुखवटा गळतो. अनुक्रमणिकेतही त्या शैलीचा फॉन्ट वेगळा असला की हेच. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग शैल्या लावा. उलट क्रमाने केलंत तर रूपांतरात शैल्या पुसल्या जाण्याची शक्यता असते आणि शीर्षकांचं काम दुसऱ्यांदा पडतं. बदलल्यावर प्रत्येक शीर्षक डोळ्यांनी वाचा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात.

उकार : ‘पानमाथा’ एक शब्द लिहायचा की ‘पान माथा’?

बोरूबहाद्दर : एकच. दुसरा, व्याकरणातला समास इथे लागू होतो.