मदत हवी आहे: हप्ता चालू असताना खातं एनपीए कसं झालं?

शिरोली_मशीनशॉप
शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचं मशीनिंग करतो. व्हीएमसी मशीनच्या कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही. तरी बँकेनं खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, केलंय आणि काल ६० दिवसांची नोटीस हातात दिली. मॅनेजर म्हणतात, सिस्टीमनं केलं. असं कसं करता येतं? लवकर सांगा, कारखाना गहाण आहे.

उद्यमनगरकर
बँक सरकारी की सहकारी? सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) आहे का? नोटीस कुठल्या कलमाची? काहीच लिहिलं नाही, सांगायचं तरी काय?

शिरोली_मशीनशॉप
सरकारी बँक. सरफेसी, म्हणजे गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायचा कायदा, कलम १३(२). सीसी आहेच की, त्याशिवाय धंदा चालतो का. पण मी हप्त्याचं विचारतोय.

निवृत्त_शाखाधिकारी
गोम सीसीतच असणार. एनपीए एकट्या खात्याला नाही, कर्जदाराला लागतो. सीसी बुडीत धरली की मशीनचं कर्जही तिच्यामागं जातं, हप्ते भरलेले असले तरी. शेवटचं स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक माल आणि येण्याचा तक्ता) कधी दिलं?

शिरोली_मशीनशॉप
अकाउंटंट सोडून गेला तेव्हापासून नाही. सात-आठ महिने झाले असतील. पण उचल लिमिटच्या आत आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
तरी चालत नाही. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवरची ड्रॉइंग पॉवर (माल आणि येण्यावर ठरणारी उचलीची मर्यादा) धरून केलेली उचल अनियमित, आणि ती सलग ९० दिवस चालली की खातं एनपीए. शिवाय त्या काळातली जमा व्याजाएवढी तरी आहे का, तेही बघा.

भुदरगडचा_शेतकरी
ऊसकर्जाला ९० दिवस लागू नाहीत. दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम थकल्यावर एनपीए होतं. आमच्या सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

उद्यमनगरकर
दादा, इथं ऊस कुठनं आला? शिरोलीकर, ओटीएस (बँकेशी एकरकमी तडजोड) करून मोकळे व्हा. मी तेच केलं.

सीए_राजारामपुरी
चालू धंद्याला ओटीएस कशाला? सिबिलवर 'सेटल्ड' लागलं की पुढचं कर्ज अवघड होतं. आधी नोटिशीला लेखी हरकत द्या. १३(३अ) प्रमाणे बँकेला १५ दिवसांत कारणासह उत्तर द्यावं लागतं. सोबत राहिलेली सगळी स्टेटमेंटं जोडा. आणि थोडं भरून भागणार नाही. सगळी थकबाकी फिटल्याशिवाय खातं पुन्हा स्टँडर्ड (नियमित) करायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय.

कागल_फाइव्हस्टार
छोट्याला लगेच नोटीस. मोठ्यांची हजारो कोटी थकली तेव्हा कुठं होती ही सिस्टीम?

निवृत्त_शाखाधिकारी
रास्त प्रश्न आहे. २००८ च्या आसपास वीज, पोलाद, रस्त्यांना सगळं चढतंच राहणार असं धरून कर्जं दिली. प्रकल्प परवानग्यांत, जमिनीत, कोळशात अडकले. मग पुनर्रचना करून तीच कर्जं वर्षानुवर्षं चांगली दाखवली. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांच्या वह्या तपासल्या, तेव्हा ते बाहेर आलं. मार्च २०१८ ला एकूण कर्जाच्या ११ टक्क्यांहून जास्त एनपीए होता. ते झाकलं गेलं म्हणूनच आता हात न लावता शिक्का बसतो. मला हा बदल बरोबर वाटतो.

कागल_फाइव्हस्टार
मला नाही वाटत. आमची कर्जं थकतात ती पार्टी पेमेंट देत नाही म्हणून. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे, तक्रारीला सरकारी पोर्टल आहे, पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. बँक हे विचारात घेते का?

सीए_राजारामपुरी
९० दिवसांवरचं येणं बऱ्याच बँका ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. पार्टीनं पैसे अडकवले की तुमची उचल आपोआप जास्त दिसते. शिरोलीकर, तुमचं येणं किती जुनं आहे?

शिरोली_मशीनशॉप
एका ट्रॅक्टरवाल्या पार्टीचं चार महिन्यांचं अडकलंय. सीए ताई, हरकतीचा मसुदा बघाल का? आणि शिरोलीच्या बाजूला संध्याकाळी येऊन टॅली पुरं करून देणारं कुणी माहीत असेल तर नंबर मेसेजमध्ये पाठवा.