आयतं मिळालं, पण केव्हा?

कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या वॉलमार्ट या दुकानांच्या साखळीचे संस्थापक सॅम वॉल्टन १९९२ मध्ये गेले आणि वॉलमार्टची संपत्ती त्यांची मुलगी अ‍ॅलिस हिच्या पदरात पडली. तसं नाही. पहिलं वॉलमार्ट १९६२ मध्ये आर्कान्सामधल्या रॉजर्सला उघडलं. त्याआधीच, १९५३ मध्ये, सॅमनी आपल्या धंद्याची कौटुंबिक भागीदारी करून चारही मुलांना प्रत्येकी २० टक्के हिस्सा दिला होता. उरलेले २० नवरा-बायकोचे. अ‍ॅलिस तेव्हा जेमतेम चार वर्षांची! मालमत्तेची किंमत कमी असताना वाटून टाकली की करही कमीच लागतो, आणि पुढची सगळी वाढ थेट मुलांच्या नावावर होते. कायद्यात बसत असलं तरी मला हे पटत नाही.

पण अ‍ॅलिसबाईंनी स्वतः काहीच केलं नाही, हेही खरं नाही. आर्कान्सामधल्याच बेंटनव्हिलचं क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय त्यांनी २०११ मध्ये उभं केलं. अमेरिकन चित्रकार अ‍ॅशर ड्युरँडचं १८४९चं चित्र तिथे आहे: दरीच्या काठावरच्या खडकावर उभे दोन मित्र, खाली ओढा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयाकडून ते विकत घेतलं तेव्हा बराच गदारोळ झाला होता. मोठ्या शहरांपासून लांबच्या त्या गावात आज ते कुणालाही फुकट बघता येतं, याचा मला मनापासून आनंद आहे.