पप्पांचं वर्षश्राद्ध, मॅच ठेवावी का? भाऊ ऐकंना

कंडक्टरची_पोरगी (लातूर):
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. पप्पांना जाऊन मे महिन्यात वर्ष होतंय. एसटीत कंडक्टर होते आणि फुटबॉलचं लई वेड. आईची अंगणवाडी सकाळची म्हणून ते मुद्दाम दुपारची ड्युटी मागून घ्यायचे, पहाटे ग्राऊंडवर पोरं खेळवून साडेसातला घरी, मग माझ्या दोन वेण्या घालायचे, एक वर एक खाली, आणि मी तशीच शाळेत जायची. येरमाळ्याच्या पुढं ड्युटी लागली की कुंथलगिरीचा पेढा ठरलेला. 86 ला गल्लीत एकाच घरी टीव्ही होता, तिथं मॅराडोना बघितला तेव्हापासून अर्जेंटिना, दुसरं काही नाही. 2022 च्या फायनलला एम्बापेनं दोन मिनिटात दोन गोल मारले तर उठून अंगणात जाऊन बसले, पेनल्टीवर जिंकल्यावर आईनं आत बोलावलं तरी आधी म्हणाले खरं सांगतीस का.

आता भाऊ म्हणायलाय मोठी टुर्नामेंट घेऊ, डीजे, चौकात पप्पांचं बॅनर, पुढाऱ्याच्या हस्ते बक्षीस. आई म्हणते पाच पानं वाढा आणि गप बसा. मला दोन्ही पटत नाही. चाळीस हजार आहेत आमच्याकडं. काय करावं?

बार्शी_रोड:
ताई, तुमचे पप्पा मला माहितीत बहुतेक. 2016 ला पाण्याची रेल्वे आली नव्हती का मिरजेहून, पहिल्या खेपेला 10 वॅगन, 5 लाख लिटर, सगळे मोबाईल घेऊन बघायला गेलते, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत यांचा नियम होता, टँकर आला की आधी एकेक घागर म्हाताऱ्या माणसांच्या घरी पोचवायची आणि मगच बॉल मिळंल. आम्ही शिव्या घालायचो मनात. पण पोचवायचो, कारण बॉल त्यांच्याकडंच असायचा.
बॅनर लावू नका असं माझं मत. ह्या माणसाला फोटोत उभं राहिलेलं मी कधी बघितलं नाही.

उदगीरचा_भाऊ:
बोलायला सोपंय सगळं. जेवण नाही घातलं तर भावकी काय म्हणंल ते ताईच्या आईला ऐकावं लागतंय, तुम्हाला मला नाही. आईचं आधी ऐका. पुरणाचा घाट नको, वरण भात भाजी पोळी करा, ग्राऊंडवरची पोरं बोलवा त्याच पंगतीला. झालं की.

रक्तपेढीवाली:
ताई मी रक्तपेढीत काम करते म्हणून सांगते, मे मध्ये आमच्याकडं पिशव्यांचा दुष्काळ असतो कारण कॉलेजला सुट्ट्या आणि अर्धी शिबिरं कॉलेजवरच होतात. थॅलेसेमियाच्या लेकरांना मात्र दर दोन ते चार आठवड्याला रक्त लागतंच, त्यांना कुठली सुट्टी. शिबिर घ्याच. फक्त मॅच आणि शिबिर एका दिवशी नको हं!! खेळून घाम गाळलेला पोरगा रक्त द्यायला बसला की चक्कर येऊन पडतो, आणि रक्त देऊन खेळायला गेला तरी तेच. एक दिवस मधी सोडा. 18 वर्षं पूर्ण, वजन 45 किलोच्या वर, आणि आधी दिलं असंल तर पुरुषांना 3 महिने, बायकांना 4 महिने झालेले पाहिजेत.

गोली_नंबर_एक:
वाचून हात थांबला म्हणून लिहायलोय. माझ्या वडिलांनी सांगितलेलं, 93 ला 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, आदल्या दिवशीच विसर्जन झालेलं, तर ही फुटबॉलवाली मंडळी ट्रक धरून दुपारच्या आत किल्लारीत होती, वरून पाऊस, हातानं दगड काढत. त्यावर तुमचे पप्पा, आमचे काका, स्वतः कधी एक शब्द बोलले नाहीत आमच्याजवळ. आमच्याजवळ फक्त ऑफसाईड बोलायचे.
सल्ला म्हणाल तर, टुर्नामेंट मोठ्यांची नको, बारा वर्षांखालच्यांची ठेवा, सकाळी सहा ते साडेआठ, नंतर लातूरचं ऊन जीव घेतंय. आणि बॉल 4 नंबरचे आणा. दुकानदार 5 नंबरच गळ्यात मारतोय, तो मोठ्यांचा, 410 ते 450 ग्रॅमचा, बारक्या पोरांच्या पायाला जड जातो. काकांनी आम्हाला तेरा वर्षाचे होईपर्यंत 5 नंबरला हात लावू दिला नाही, आम्हाला वाटायचं कंजूषपणा करायलेत.

कंडक्टरची_पोरगी:
गोली दादा, तुमचं वाचून कपाट उघडलं. सात बॉल निघाले, सगळे 4 नंबरचे! मला इतके वर्षं वाटायचं स्वस्त म्हणून आणतेत. चार पार बसलेत, बाभळीचे काटे अजून आत आहेत.
किल्लारीचं आईला विचारलं. तिला माहिती होतं. परत आले तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत म्हणाली, एवढंच.
भावाला सगळे रिप्लाय वाचून दाखवले, बॅनरवर अजून अडून बसलाय पण डीजे गेला. शिबिर गुरुवारी, बारक्यांच्या मॅच शनिवारी आणि तिथंच पंगत. आई तयार झाली, पण वाढायला तीच उभी राहणार म्हणे.
एक राहिलं. पप्पांच्या तिकिटाच्या बॅगेत हवेचा पंप सापडला पण सुई मोडलेली. लातूरात सुटी सुई कुठं मिळंल? दुकानदार पंपासहितच घ्या म्हणायलाय.

बार्शी_रोड:
ताई माझ्याकडं दोन आहेत. त्यांनीच दिलेल्या. उद्या आणून देतो, घालायच्या आधी ओली करा, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.