सेफ्टीचा खटका नसला म्हणजे पिस्तूल असुरक्षित?

या प्रश्नावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणजे बाहेर सेफ्टीचा खटका (हाताने लावायचं, गोळी सुटणं रोखणारं बटण) नसलेलं पिस्तूल रोज कमरेला लावूच नये. दुसरं, बोट ट्रिगरपासून लांब ठेवा, डिझाइनची चर्चाच फिजूल. मला दोन्ही अर्धवट वाटतात.

पिस्तूल पडलं तर काय आणि ट्रिगर चुकून दाबला गेला तर काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याची जबाबदारी सर्वस्वी बनवणाऱ्याची. ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांना सहसा बाहेर खटका नसतो, पण आतला अडसर (ब्लॉक) ट्रिगर मागे आल्याशिवाय फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या पिनेला, पुढे जाऊ देत नाही, शिवाय स्ट्रायकर (स्प्रिंगने ताणलेली हीच पिन) अर्धवटच ताणलेला असतो. सिग कंपनीच्या पी३२० पिस्तुलात तो जवळजवळ पूर्ण ताणलेला. ठरावीक कोनात पडल्यावर त्यातून गोळी सुटते हे २०१७ मध्ये चाचण्यांत दिसलं, कारण पडण्याच्या धक्क्याने ट्रिगर स्वतःच्याच वजनामुळे मागे जायचा. कंपनीला वजनाने हलका ट्रिगर द्यावा लागला. तिथे बोटाच्या शिस्तीने काय होणार होतं?

दुसऱ्या प्रश्नात मात्र खटक्यापेक्षा होल्स्टर (कमरेला लावायची पिस्तुलाची म्यान) महत्त्वाचं. अनेकदा घोळ पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना होतो: शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरमध्ये अडकते. बाहेर हॅमर (पिनेवर आदळणारा मागचा घोडा) असेल तर त्यावर अंगठा ठेवून तो हलतोय का ते कळतं. स्ट्रायकरवाल्यात ती सोय नाही. म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवंच. खिशात नुसतं पिस्तूल टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.