मदत हवी आहे: चढावर ॲक्सिलरेटर दाबला की डिझेल गाडीतून शिट्टीसारखा आवाज

प्रश्न: १.५ लिटर टर्बो कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी असलेलं) इंजिन, १,१०,००० किमी. तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये १८०० ते २५०० आरपीएमला जोर दिला की शिट्टी आणि फुसफुस एकदम ऐकू येते. पाय काढला की बंद. चढाला पिकअप कमी, मागे काळा धूर. जागेवर उभी करून रेस केली तर आवाज नाही. चेक लाइट लागलेला नाही. मेकॅनिक टर्बो बदलायला सांगतोय. बदलावा का?

उत्तर १: टर्बोला इतक्यात हात लावू नका. आवाज फक्त लोडवर येतो, हीच मोठी खूण आहे. उभ्या गाडीत इंजिनवर भार नसल्याने डिझेल कमी जातं, बूस्ट (टर्बोने तयार केलेला हवेचा जादा दाब) जेमतेम तयार होतो आणि फाटलेला पाइपही गप्प बसतो. लोडवर दाब वाढला की चीर उघडते. टर्बोने दाबलेली हवा बाहेर जाते, डिझेल मात्र पडत राहतं. काळा धूर त्याचाच.

इंजिन थंड असताना टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इनटेक हे दोन्ही होज काढून वाकवून बघा. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, वळणावर किंवा क्लॅम्पच्या कडेला असते, वरून दिसत नाही. आतून तेलाचा हलका थर असणं ठीक, पण बाहेर एकाच जागी ओलं आणि धूळ चिकटलेली असेल तर गळती तिथेच. काहीच दिसलं नाही तर टर्बोचं इनलेट बुचाने बंद करून कॉम्प्रेसरने ०.५ बार हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. १ बारच्या वर अजिबात नको, सील जातात.

उत्तर २: स्कॅनर असेल तर चढावर अपेक्षित आणि प्रत्यक्ष बूस्ट शेजारी लावून बघा. प्रत्यक्ष बराच मागे राहत असेल तर गळती शोधायची. मात्र व्हॅक्यूम पाइप फाटला किंवा ॲक्चुएटर (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग) अडकला तरी बूस्ट कमी दिसतो, तेव्हा तेही तपासा.

प्रश्नकर्ता: पाय दिल्यावर थोडी टकटकही येते. इंजेक्टर असेल का?

उत्तर १: थंड इंजिनला जास्त आणि तापल्यावर कमी होत असेल तर आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट बघा, जोडापाशी काजळी दिसेल. ‘चफ-चफ’ असा आवाज आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर असेल तर तांब्याचा वॉशर गेला. इंजेक्टर काढला की वॉशर नवाच टाकायचा, बसायची जागाही साफ करून घ्यायची. सगळं ठीक निघालं तर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल वेगवेगळ्या बाटलीत जमवून बघा. ज्याच्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमेल तो संशयित.

चालू इंजिनवर इंजेक्टरचे पाइप सैल करून सिलिंडर ओळखायची जुनी पद्धत इथे वापरू देऊ नका. रेलमध्ये १००० बारहून जास्त दाब असू शकतो, त्या धारेने डिझेल कातडीत घुसतं.

टर्बो खरंच गेला का हे इनलेटचा पाइप काढून पाच मिनिटांत कळतं. शाफ्ट आडवा किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर हलत असेल, किंवा पाती घासल्याच्या खुणा असतील, तरच बदला.