ऑफिसच्या चाचणीत ‘आयएसटीजे’ आले, म्हणून क्लायंट काढून घेतले

निमा_कोथरूड:
ट्रेनिंगमध्ये मायर्स-ब्रिग्जची प्रश्नावली भरून घेतली, उत्तरांवरून चार अक्षरांत स्वभाव सांगणारी. मी आयएसटीजे निघाले. तिथवर मजाच होती. आता मॅनेजर म्हणतात, ‘तुम्ही इंट्रोव्हर्ट, कॉल दुसरं कोणी घेईल, तुम्ही रिपोर्ट बघा.’ इतकी वर्षं कॉल मीच घेतेय हो! कॉलेजात हीच चाचणी दिली तेव्हा पहिलं अक्षर आय (इंट्रोव्हर्ट) नव्हतं, ई (एक्स्ट्रोव्हर्ट) होतं. यात खरं किती?

चष्मेवाला:
माझी रास सिंह. प्रमोशनचं तेवढं बघा म्हणावं.

निवृत्त_बाई:
निमा, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. अंतर्मुखता मोजली की बहुतेक माणसं मधेच सापडतात, टोकाला थोडी. ही चाचणी मधोमध रेघ मारते, अलीकडचे आय, पलीकडचे ई. साडेपाच फुटांवर रेघ मारून अर्ध्या गावाला बुटकं म्हणण्यासारखं आहे हे. रेघेजवळच्या माणसाची एक-दोन उत्तरं फिरली की अक्षर फिरतं. तुझं तेच झालं असावं.

मुळात मानसशास्त्रज्ञ युंगचं १९२१चं पुस्तक, माणसांच्या स्वभावप्रकारांवरचं. त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ही चाचणी बेतली. दोघी मानसशास्त्र रीतसर शिकलेल्या नव्हत्या म्हणून नाकं मुरडणारे भेटतात. मला तो आक्षेप पोकळ वाटतो. मोजमाप कसं आहे ते बघावं.

चष्मेवाला:
पण बाई, या चाचणीत माझं वर्णन तंतोतंत जुळलं होतं.

निवृत्त_बाई:
जुळणारच! १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना ‘हे खास तुझं’ म्हणून एकच मजकूर वाटला, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मायर्स-ब्रिग्जची वर्णनं इतकी सरसकट नसतात, पण गोड तेवढीच. सोळा प्रकारांत वाईट एकही नाही. संशोधक हल्ली स्वभावाचे पाच पैलू मोजतात, शिक्का न मारता प्रत्येकाचा आकडा देतात. त्यातला एक भावनिक अस्थैर्य. तो मायर्स-ब्रिग्जमध्ये नाहीच. ट्रेनिंगच्या चहापानाला कोणाला ऐकायचंय ते!

निमा_कोथरूड:
बाई, हे सगळं मॅनेजरना कसं सांगू?

एचआरवाली:
सांगू नका, मेल करा. चाचणी विकणारी कंपनी स्वतःच म्हणते की भरती आणि निवडीसाठी ती वापरू नये. ती ओळ चिकटवा, खाली तुमच्या क्लायंटचे फीडबॅक जोडा, एचआरला सीसी ठेवा. आणि प्रश्नावली विकतची होती की नेटवरची फुकटची, तेही विचाराच.