मदत हवी आहे: एफ-१६ चं नाक डोलतंय

नमस्कार मंडळी. फ्लाइटगिअर या विमान-सिम्युलेटरसाठी एफ-१६ हे लढाऊ विमान बनवतोय, फ्लाइट मॉडेल (विमान कसं उडेल याचं गणित) जेएसबीसिम या सॉफ्टवेअरवर. वायुगतिकीचे तक्ते नासाच्या १९७९ च्या विंड टनेल अहवालातले, त्यामुळे त्यांच्यावर भरवसा आहे. वेगात असताना विमान झकास वळतं. पण वेग कमी करून स्टिक पूर्ण मागे ओढली, की अल्फा (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) २५ अंशांजवळ पोचतो आणि नाक वरखाली डोलायला लागतं. लॉगमध्ये दिसतं, की एलेव्हेटर (नाक वरखाली करणारा शेपटीचा पृष्ठभाग) टोकाला टेकलेला असतो आणि पीआयडी या नियंत्रकाचा इंटिग्रेटर (चुकीची बेरीज करत जाणारा भाग) मात्र भरतच राहतो. हे विमान मुळातच अस्थिर, फ्लाय-बाय-वायर (संगणकामार्फत चालणारं नियंत्रण) गडबडलं की सगळंच गेलं.

इंटिग्रेटर थोपवायला पीआयडीचा ट्रिगर (तो थांबवणारा सिग्नल) वापरू, की डायनॅमिक प्रेशरनुसार (वेगामुळे येणाऱ्या हवेच्या दाबानुसार) गेन, म्हणजे नियंत्रकाच्या प्रतिसादाची तीव्रता, बदलू? कुणी केलं असेल तर एक्सएमएलचा (मॉडेल ज्यात लिहितात त्या फाइलचा) तेवढा तुकडा दाखवा ना. कॉकपिटचं काम त्यासाठीच थांबवलंय.